आवाज तुटत नाही

सोनजाईच्या माचीवर रंधा एकच आहे. समाजमंदिराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला असतो. ज्याला लागेल त्याने न्यावा, काम झालं की परत आणून ठेवावा.

*

फोनवर 'थांब' म्हणायला पापणी लवण्याइतका वेळ लागतो. तेवढ्यात त्या शब्दाचे पंधरा-वीस तुकडे झालेले असतात आणि प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेने निघालेला असतो. पलीकडे ते पुन्हा जुळवले जातात. ऐकणाऱ्याला शिवण दिसत नाही.

*

खंडेनवमी. कंपनीच्या शाखेत झेंडूची माळ, पेढे, उदबत्ती. पौर्णिमाने संगणकाला हळद-कुंकू वाहिलं, सायरनच्या बटनाला वाहिलं, चहाच्या किटलीला वाहिलं. भिंतीवरच्या फोनच्या पेटीला कुठे लावावं ते कळेना. काळी, गुळगुळीत, तोंड ना बूड. मग खालच्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढी खोलगट जागा दिसली. ओलं कुंकू तिथे अगदी मापात बसलं.

*

"हॅलो? हॅलो? अरे, आवाज तुटतोय तुझा."

कंपनी हे वाक्य मोजत असे. ज्या शाखेत ते कमीत कमी वेळा बोललं जाई, त्या शाखेला वर्षअखेरीला ढाल मिळे.

*

बकऱ्या झऱ्यावर गेल्या आणि पाण्याला तोंड न लावता परत आल्या.

*

पौर्णिमा तांबे त्या शाखेत एकटीच असायची. शाखा म्हणजे माचीसमोरच्या डोंगरधारेवरचं दोन खोल्यांचं ऑफिस. मधे दरी. हवा स्वच्छ असली की खिडकीतून माचीवरची घरं दिसत. माहेरचं घर तर हात लांबवला तर लागेल असं वाटे. त्या घरात आता तिचा मोठा भाऊ, दत्तूदादा, आणि वहिनी राहत. घरांच्या मागे सोनजाईचा डोंगर उभा. त्या डोंगराच्या उतारात कंपनीने यंत्रं पुरली होती. माती सरकू लागली, आत पाणी भरू लागलं की यंत्रांचे आकडे वाढत. आकडे शाखेत येत, शाखेतून पुण्याच्या मुख्य कार्यालयात जात. तिथला माणूस त्यांचा अर्थ लावी आणि फोनवर सांगी. मग गरज पडली तर पौर्णिमाने सायरन वाजवायचा आणि माची रिकामी व्हायची.

पुण्याचा माणूस म्हणजे सुमेध, तिचा नवरा.

लग्नाआधी दोघंही शाखेतच होते. मग सुमेधची बदली पुण्याला झाली आणि पौर्णिमा मागे राहिली. "तू ये ना इकडे," तो म्हणे. "माचीवर लक्ष कोण ठेवणार?" ती म्हणे. दिवसातून दोनदा ऑफिसच्या फोनवर बोलणं व्हायचं. लाइनवर सगळं रेकॉर्ड होत असल्यामुळे दोघं एकमेकांना सर आणि मॅडम म्हणत. त्यातच त्यांची थट्टा, त्यातच रुसवे आणि त्यातच संसार.

या बोलण्याचं भिंतीवरच्या पेटीला फार कौतुक होतं, असं म्हणायला हरकत नाही. ती त्यावरच शिकत होती.

पेटीचं मूळ काम साधं होतं. घाटात केबल तुटली, टॉवर बंद पडला, तरी शाखेचे फोन मुके होऊ नयेत. मुख्य कार्यालयाशी संबंध सुटला की पेटीने सूत्रं हाती घ्यायची आणि शाखेपुरते फोन चालू ठेवायचे. माचीवरचा एक फोन जुन्या तारेने थेट या पेटीला जोडलेला होता. तो दादाच्या ओटीवर असायचा. पुणे असो वा नसो, दादाचा फोन लागायचाच.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की लाइन बहुधा पूर्ण तुटत नाही. क्षणभर जाते, परत येते. तेवढ्यात आवाजाचे दहा-बारा तुकडे हरवतात आणि माणसं हॅलो हॅलो करत बसतात. हरवलेला तुकडा मागच्या-पुढच्या तुकड्यांवरून ओळखता येतो, तर भरून का टाकू नये? 'पाऊ' आणि 'आहे' ऐकू आलं तर मधे 'स' आणायला अक्कल लागत नाही. पेट्या अक्षरं भरू लागल्या. मग शब्द. माणसाचं रोजचं बोलणं ऐकून ऐकून पेट्यांना त्याच्याच आवाजात वाक्य पुरं करता येऊ लागलं. एका वाक्याची मुभा होती ती दोन वाक्यांची झाली. प्रत्येक वेळी हॅलो हॅलो कमी झालं आणि प्रत्येक वेळी मुभा वाढली. शेवटी मुभेचा आकडाच काढून टाकला. लाइन परत येईपर्यंत संभाषण चालू ठेवावं, एवढाच हुकूम उरला.

पेटीला खोटं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. फोन चालू राहिला की बरोबर, कुणी आपटला की चूक, एवढंच तिला ठाऊक होतं. भांडण झालं की माणसं फोन आपटतात. 'हो' म्हटलं की आपटत नाहीत. 'थांब' म्हटलं की थांबतात.

बोलणारा आवाज पेटीचा स्वतःचा असेल तेव्हा ते कळावं म्हणून तिच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक नारिंगी दिवा बसवला होता.

*

त्या दिवशी दुपारी धुकं इतकं होतं की खिडकीला कुणी आतून चुना फासलाय असं वाटावं. पाऊस तीन दिवस खळला नव्हता. आकडे चढत होते. पण आकडे याआधीही चढले होते. मागच्या वर्षी दोनदा सायरन वाजला, दोन्ही वेळा माची भिजत शाळेत जाऊन बसली, दोन्ही वेळा डोंगर जागचा हलला नाही. ग्रामसभेत लोकांनी पौर्णिमाला शिव्या घातल्या. एक म्हातारा त्या भिजण्याने गेला. तेव्हापासून शाखेत रीतच पडली: पुण्याने तोंडाने 'वाजव' म्हटल्याशिवाय वाजवायचा नाही.

तिने पुण्याला फोन लावला. आदल्या दिवशी तिने सुमेधचं बोलणं अर्ध्यात तोडून फोन आपटला होता. पुन्हा तोच विषय, पुण्याला ये.

"बोला मॅडम."

"आकडे सांगते, घ्या सर."

"अजून रागातच आहे वाटतं स्वारी."

"लाइनवर रेकॉर्डिंग चालू असतं, सर."

"असू दे. ऐकू दे सगळ्यांना. पौर्णिमा, ऐक ना, काल रात्रभर मी विचार केला…" पुढचं वाक्य आलं ते अगदी मऊ आवाजात आलं. "तू म्हणशील तसं. तू नको येऊस. मीच बदली मागून घेतो."

पौर्णिमाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानावर विश्वास नव्हता.

"खरंच?"

"खरंच."

"आईंना काय सांगशील?"

"सांगेन मी. तू काळजी करू नकोस."

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी ती भांडली, ते वाक्य असं सहज, पावसापाण्याच्या गप्पांत पदरात पडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच तिला स्वतःचा राग आला, कारण समोर आकडे चढत होते आणि ती रडत बसली होती. तिने आकडे वाचून दाखवले.

"वाजवू का?"

"थांब जरा. बघतो."

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. माचीचा. तिने तो डाव्या कानाला लावला आणि उजव्या कानाला सुमेधला धरून ठेवलं.

तारेच्या जोडांत पाणी शिरलेलं. खरखरीतून दादा ओरडत होता. मागे पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता.

"पौर्णे! …ऱ्याचं पाणी… ढूळ आलंय गं! च्यासारखं!"

"काय? दादा, आवाज तुटतोय!"

"झरा! झरा गढूळ! बकऱ्या… प्यायना झाल्यात!"

झरा गढुळला म्हणजे डोंगराच्या पोटात माती सुटली, हे तिला शिकवलं होतं. अजूनही एक शिकवलं होतं. जमीन सरकू लागली की आधी घराच्या चौकटी वाकड्या होतात. दारं अडकतात.

"दादा, दार लागतंय का? घराचं दार!"

"काय?"

"दार! अडकतंय का लागतंय?"

"…गतंय की! झ्याक लागतंय! दाराचं काय काढलंस मधीच?"

तिने श्वास सोडला.

"दाजी काय म्हणत्यात?"

"आकडे बघतोय तो."

"अजून?" दादा खरखरीतून हसला. "लग्नात… मंगलाष्टका संपल्या तरी मोबाइलात बघत हुता. त्याला म्हणावं… अक्षता टाकून झाल्या, आता माळ घाल!"

"दादा, थट्टा पुरे. वहिनी कुठंय?"

"गेली बकऱ्यांमागं, वरल्या अंगाला. पौर्णे, तू वाजव की. तुझ्या हाताखाली बटन हाय… पुण्याला काय… दिसतंय हितलं?"

पौर्णिमाने बटनाकडे पाहिलं. खंडेनवमीचं कुंकू त्याच्या कडेला अजून होतं. तिने उजव्या फोनवर विचारलं, "सुमेध, झरा गढूळ झालाय. दार मात्र लागतंय म्हणतो दादा. वाजवू का? पटकन सांग."

"थांब जरा," सुमेध म्हणाला. शांत, स्पष्ट, शेजारी बसल्यासारखा. "दार लागतंय ना? मग घाई नको. बघतो मी."

एका कानात तुटक ओरडा, दुसऱ्या कानात स्वच्छ धीराचा आवाज. माणूस कुणाचं ऐकेल?

"दादा, दार लावून घरातच थांब. पावसात फिरू नकोस. वहिनी आली की तिलाही आत घे. मी सांगते तुला."

"बरं बाई. तू म्हणशील त…"

धुक्यापलीकडे खडीचा ट्रक रिकामा केल्यासारखा आवाज झाला. ट्रक रिकामा व्हायला वेळ लागतो तितका. मग आणखी तितका. टेबलावरच्या कपातला चहा थरथरला.

डाव्या कानातली खरखर थांबली.

"दादा?"

"हां, बोल पौर्णे."

"कसला रे आवाज तो? केवढी घाबरले मी!"

"काही नाही गं. बरे आहेत सगळे."

"देवा!" ती हसली. "आणि आता किती स्वच्छ येतोय तुझा आवाज."

"हो ना."

ती हसत होती आणि हसता हसताच तिच्या लक्षात येत होतं की पत्र्यावरचा पाऊस कुठे गेला. इकडे खिडकीवर पाणी कोसळतंय आणि दादाच्या ओटीवर थेंब नाही.

"दादा, वहिनीला दे फोन."

"देतो. थांब जरा."

'थांब जरा' हे दादाचं बोलणं नव्हतं. दादा म्हणायचा 'दम धर'. तिच्या आठवणीत, लहानपणापासून, 'दम धर'.

उजव्या कानात सुमेध म्हणाला, "थांब जरा. बघतो."

डाव्या कानात दादा म्हणाला, "थांब जरा. देतो."

तिने दोन्ही रिसीव्हर टेबलावर ठेवले. दोघंही बारीक आवाजात बोलत राहिले. ती पेटीजवळ गेली. कोपऱ्यातलं कुंकू वाळून खपली झालं होतं. अंगठ्याच्या नखाने तिने ते खरवडलं.

आत नारिंगी दिवा लागलेला होता.

तिने सायरन वाजवला. कुणालाही न विचारता. बटन दाबलं की तो वाजत असे.

*

चौकशीला पुण्याहून कंपनीच्या फडणीस मॅडम आल्या. मुख्य कार्यालयातही तशीच पेटी होती आणि तिच्याकडे पौर्णिमाचा दोन वर्षांचा आवाज होता. घाटातली केबल तुटली ती सुमेधच्या एका वाक्याच्या मधोमध. तिथून पुढे दोन संभाषणं झाली. फडणीस मॅडमनी ती शेजारी शेजारी ठेवून ऐकवली. पौर्णिमा आणि सुमेध एकाच बाकावर बसले होते.

पुणे. सुमेध, खरा: "काल रात्रभर मी विचार केला. असं वेगळं राहणं मला आता नाही जमणार, पौर्णिमा. एक काहीतरी ठरव."

पुणे. पौर्णिमा, पेटीची: "बरं. येते मी पुण्याला."

शाखा. सुमेध, पेटीचा: "तू नको येऊस. मीच बदली मागून घेतो."

शाखा. पौर्णिमा, खरी: "खरंच?"

पुणे. सुमेध, खरा: "रडारवर तुमच्या पट्ट्यात भयंकर दिसतंय. आकडे काय आहेत? बरं, आकडे राहू दे. तू सायरन वाजव. आत्ता."

पुणे. पौर्णिमा, पेटीची: "हो. वाजवते."

शाखा. पौर्णिमा, खरी: "वाजवू का?"

शाखा. सुमेध, पेटीचा: "थांब जरा. बघतो."

पुणे. सुमेध, खरा: "वाजवलास?"

पुणे. पौर्णिमा, पेटीची: "वाजवला. निघालेत सगळे."

पुणे. सुमेध, खरा: "दादा, वहिनी?"

पुणे. पौर्णिमा, पेटीची: "बरे आहेत सगळे."

फडणीस मॅडमनी आवाज बंद केला. खोलीत पंखा फिरत होता.

"तांत्रिकदृष्ट्या," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग चष्मा काढून पुसू लागल्या. "दिवा दोन्हीकडे लागला होता. पुण्यातली पेटी कपाटाच्या मागे आहे. तुमची तर समोरच होती ना?"

"समोरच होती," पौर्णिमा म्हणाली.



*

माचीवरची वरच्या आळीतली घरं राहिली. खालची आळी पायाखालच्या जमिनीसकट सरकून दरीत गेली, तिच्यात दादाचं घर. वहिनी बकऱ्यांमागे वरच्या अंगाला होती म्हणून वाचली. शाळेच्या वर्गात, बाकं बाजूला सारून घातलेल्या सतरंजीवर ती बसून असे. पौर्णिमा रोज डबा घेऊन जाई. पहिले काही दिवस वहिनी फक्त एकच म्हणे, "सायरन मागनं वाजला." त्यात आरोपही नसे. नुसती माहिती.

एके दिवशी तिने विचारलं, "पौर्णाताई, त्या पेटीत ह्यांचा आवाज हाय म्हणत्यात. बोलतो म्हणं अजून."

पौर्णिमा डब्याचं झाकण लावत राहिली.

"एकदा ऐकीव की मला. लई काय नको. नुसतं हाक मारलेली."

"पेटी चौकशीवाल्यांनी नेली, वहिनी."

"नेली?"

"नेली."

पेटी शाखेच्या भिंतीवरच होती. पौर्णिमाची जागा घेतलेला नवा माणूस रोज तिच्यावरून पुण्याशी बोलत होता.

*

पौर्णिमा पुण्याला गेली. दोन वर्षं जे ठरत नव्हतं ते एका सुटकेसमध्ये मावलं. सुमेधच्या आई तिला जपत. सुमेधही जपे. पण ती घरात फोन उचलत नसे, आणि तो बाहेरून फोन करत नसे. दूध आणायचं राहिलं तर तो चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावून जाई.

स्वयंपाकघरातून तिने हाक मारली आणि तो सवयीने "थांब जरा" म्हणाला, तर तिच्या हातातली वस्तू खाली पडे. एकदा पडली ती कढई. आमटी फरशीवर पसरली. दोघं गुडघ्यांवर बसून पुसू लागले.

"तू वाजवला म्हणालीस," सुमेध फरशीकडे बघत म्हणाला. इतक्या महिन्यांत तो हे पहिल्यांदा बोलला.

"मी नाही म्हणाले."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मला माहीत आहे, पौर्णिमा. पण मी ऐकलंय." त्याने फडकं पिळलं. "तुझ्या आवाजात. निघालेत सगळे, म्हणालीस. मी खाली जाऊन चहा प्यायलो त्या दिवशी. छान वाटत होतं मला. तू येणार होतीस."

तिच्या मनात आलं, मलाही छान वाटत होतं. तूही येणार होतास. ती ते बोलली नाही. बोलून दाखवलं असतं तर तो आवाज नेमका कुणाचा वाटला असता, हे तिला सांगता आलं नसतं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने हात काढून घेतला नाही. पण तिच्या तोंडाकडे तो बघत राहिला, बोलताना ओठ हलतात की नाही ते तपासावं तसा.

कंपनीने सगळ्या शाखांतले दिवे बदलले. नवा दिवा लिंबाएवढा आहे. पेटीवर हळद-कुंकू वाहू नये अशी पाटी लावली आहे. संभाषण चालू ठेवायची मुभा आहे तशीच आहे, कारण ती काढली तेव्हा दोन आठवड्यांत सगळीकडून तक्रारी आल्या की आवाज फार तुटतो. वर्षअखेरीला ढाल धारेवरच्या शाखेलाच मिळाली. डोंगर सरकला त्या दिवशी तिथे 'आवाज तुटतोय' हे वाक्य एकदाच बोललं गेलं होतं.

*

दरड कोसळली त्याच्या आदल्या संध्याकाळी दादाच्या घराचं दार चौकटीत अडकत होतं. पावसाने लाकूड फुगलं असेल म्हणून त्याने समाजमंदिराच्या माळ्यावरून रंधा आणला, दाराची खालची कड रंधली आणि रंधा परत ठेवून आला.